काच पुसू नका

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

गेल्या आठवड्यात आपल्या सांगलीतला एक जुना फोटो स्टुडिओ रिकामा केला. नाव लिहीत नाही, घरच्यांना उगाच ताप नको. आजोबांनी काढलेला, वडिलांनी चालवलेला, आणि तिसऱ्या पिढीच्या हातात आला तेव्हा मोबाईलने बसवलेला. आता तिथे मोबाईलच्याच कव्हरचं दुकान होणार आहे. माळा साफ करताना तीन लाकडी पेट्या निघाल्या. आत काचेच्या निगेटिव्ह, शे-दोनशे तरी असतील. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं, अल्बम, कॅमेरे, पडदे, सगळं. या पेट्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या.

मी पोचलो तेव्हा एक फ्रेमवाला त्या काचा उन्हात धरून बघत होता. म्हणाला, "काच एक नंबर आहे साहेब. गरम पाण्यात सोडा टाकून भिजत ठेवली की वरचं सगळं निघून जातं. देवाच्या तसबिरींना लावीन."

मी जरा आवाज चढवला, हे कबूल करतो. तर स्टुडिओवाल्यांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, टिळकांचे, वसंतदादांचे फोटो असते तर गोष्ट वेगळी. ही कोण माणसं आहेत? आम्हालाच माहीत नाही. ठेवायच्या कुठे आणि कशाला?"

पोरगं चुकीचं काही बोललं नाही. प्रश्न रास्त आहे. त्याला तिथे उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देतोय. त्यासाठी तुम्हाला जरा लांब न्यावं लागेल. कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉनमध्ये. थंडी आहे, स्वेटर घ्या.

ऑगस्ट १८९६ मध्ये क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोनं सापडलं. बातमी बाहेर पडायला जवळपास वर्ष लागलं. जुलै १८९७ मध्ये सोनं घेऊन दोन बोटी सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलच्या धक्क्याला लागल्या, आणि तिथून पुढे लोकांना वेड लागलं. कारकून, शिक्षक, ट्राम चालवणारे, हजामतीची दुकानं असणारे, सगळे निघाले. लाखभर माणसं निघाली असा अंदाज आहे. त्यातली तीस-चाळीस हजार डॉसनला, म्हणजे सोन्याच्या गावाला पोचली. बाकीची परत फिरली, काही वाटेतच मेली.

बऱ्याच जणांचा रस्ता अलास्कातल्या डाये नावाच्या गावापासून चिलकूट खिंडीतून जात होता. आता कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला होता, आणि चांगला केला होता, की वर्षभर पुरेल एवढा शिधा बरोबर असल्याशिवाय हद्दीत पाऊल टाकायचं नाही. कारण आदल्या हिवाळ्यात डॉसनमध्ये उपासमारीची पाळी आली होती. पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, शेंगा, तंबू, कुऱ्हाडी, खिळे धरून सगळं सामान एक टनाच्या आसपास जायचं. घोडे खिंडीच्या पायथ्यापर्यंतच. शेवटचा चढ जिन्यासारखा उभा. बर्फात पायऱ्या खोदलेल्या, सुमारे दीड हजार. पायऱ्या खोदणारे वर जाणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे ते वेगळंच. आपल्याकडचे टोलनाके आठवले ना?

या चढाचा फोटो तुम्ही नक्की कुठेतरी पाहिलाय. पांढरा शुभ्र डोंगर आणि त्यावर खालपासून शिखरापर्यंत माणसांची एक काळी, अखंड रांग. पोत्यावर मुंग्या चढाव्यात तशी. चार्ली चॅप्लिनच्या 'गोल्ड रश'ची सुरुवात याच दृश्याची आहे. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की मित्राच्या घरी क्लोंडाइकची स्टिरिओस्कोपमधली चित्रं बघितली आणि तिथून सिनेमा सुचला. १९२५ चा सिनेमा. म्हणजे तिकडे कधीही न गेलेल्या माणसाला पंचवीस-सत्तावीस वर्षांनी एका फोटोने कामाला लावलं.

आता त्या फोटोकडे जरा नीट बघू. आपल्याला वाटतं, ही माणसं डोंगर ओलांडून सोन्याकडे चाललीत. तसं नाही. एक टन सामान, पाठीवर एका वेळी वीस-पंचवीस किलो. म्हणजे एकाच माणसाला तोच चढ तीस-चाळीस वेळा चढायचा. वर पोतं टाकायचं, बर्फावरून बुडावर घसरत खाली यायचं, पुन्हा रांगेत. रांगेतून दम खायला बाजूला झालात तर परत आत शिरायला तासन्‌तास वाट बघायची. म्हणजे फोटोत दिसतात ती हजार माणसं पुढे चाललेली नाहीत, त्यातली निम्मीअधिक उद्या पुन्हा तिथेच असणार आहेत. आपल्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाला हा फोटो दाखवा, तो तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर ओळखेल की हे यात्रेकरू नाहीत, ओझेकरी आहेत.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळते. हे फोटो १८९८ च्या सुरुवातीचे. तोवर सोन्याच्या चांगल्या ओढ्यांवरचे दावे कधीच ठोकले गेले होते, १८९६-९७ मध्येच. म्हणजे रांगेतला जवळपास प्रत्येक माणूस अशा जागेकडे चाललाय जिथे त्याच्यासाठी काही शिल्लक नाही. त्याला ते माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. ३ एप्रिल १८९८ ला याच वाटेवर हिमकडा कोसळून साठाहून जास्त माणसं गाडली गेली. त्यानंतरही रांग चालूच राहिली.

हे सगळं आपल्याला दिसतं ते काही फोटोग्राफरांमुळे. त्यातलं सगळ्यात मोठं नाव एरिक हेग. जन्माने स्वीडिश, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर बेलिंगहॅमच्या बाजूला त्याचे स्टुडिओ होते. म्हणजे आपल्या या स्टुडिओवाल्यांसारखाच, गावातल्या लोकांचे फोटो काढून पोट भरणारा माणूस. १८९७ मध्ये तो गावचा धंदा सोडून उत्तरेला निघाला. समाजसेवा म्हणून नाही बरं का. सोन्याच्या गर्दीत फावडी विकणारा जसा कमावतो, तसा फोटो विकणाराही कमावेल हा हिशोब होता. माझं मत असं की हा हिशोब होता म्हणूनच फोटो चांगले आलेत. गिऱ्हाईकाला काय दाखवायचं हे त्याला कळत होतं: चेहरा, सामान, कुत्री, दुकानाची पाटी.

त्याचा एक फोटो आहे, त्यात त्याच्या सामानाची घसरगाडी बोकड ओढताहेत. हो, बोकड. काचेच्या प्लेटा, केमिकलच्या बाटल्या, कॅमेरा, तिपाई, सगळं घेऊन तो त्या वाटेने गेला. हौशी लोकांसाठी रोलचे कोडॅक कॅमेरे तोवर बाजारात आले होते, पण धंद्याचं, मोठं, स्पष्ट काम काचेवरच व्हायचं. काच जड आणि फुटकी. त्या थंडीत पाणी गोठतं, केमिकल गोठतात, बोटं काम करत नाहीत. ज्यांनी अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर-हायपोचं काम केलंय त्यांना विचारा, डेव्हलपर थोडा जास्त थंड झाला तरी काय होतं. इथे तर बाहेर शून्याखाली वीस-तीस.

फ्रँक लारोश, जुनोचे विंटर अँड पाँड, डॉसनमधले लार्स आणि ड्यूक्लो, असे बरेच होते. पण एका जोडीबद्दल सांगायलाच हवं. कर्टिस बंधू. एडवर्ड कर्टिस म्हणजे पुढे अमेरिकेतल्या आदिवासींचे वीस खंडांतले फोटो काढून जगप्रसिद्ध झालेला माणूस. त्याचा धाकटा भाऊ एसाहेल १८९७ मध्ये क्लोंडाइकला गेला, थंडीत काम केलं, फोटो काढले. मार्च १८९८ मध्ये 'सेंच्युरी' मासिकात क्लोंडाइकच्या गर्दीवर लेख आला, फोटोंसह. नाव कुणाचं? एडवर्डचं. थोरल्याचं म्हणणं असं की स्टुडिओ माझा, तू माझा माणूस, म्हणून फोटो माझे. दोघा भावांचं जे बिनसलं ते आयुष्यभरासाठी.

आता हसू नका. आपल्या जिल्ह्यातल्या किती पेजवर पुराचे, दुष्काळाचे, बैलगाडा शर्यतीचे फोटो दुसऱ्याचे असतात आणि कोपऱ्यात स्वतःचा वॉटरमार्क असतो? 'सौजन्य: सोशल मीडिया' हे काय सौजन्य झालं? सोशल मीडिया नावाचा कोणी माणूस छातीभर पाण्यात कॅमेरा डोक्यावर धरून उभा होता काय? २०१९ ला जी पोरं होडीत बसून फोटो काढत होती त्यातल्या दोघांना मी ओळखतो. त्यांचे फोटो मुंबईपर्यंत फिरले. नाव कुठेच नाही. एडवर्डने निदान आपल्या भावाचे घेतले होते.

बरं, हेगच्या काचांचं पुढे काय झालं?

गर्दी ओसरली. १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमला सोनं सापडल्याची हाकाटी झाली आणि डॉसन रिकामं व्हायला लागलं. हेगही तिकडे गेला. काही प्लेटा डॉसनमध्ये मागे राहिल्या. पुढे काही दशकांनी गावातल्या एका जुन्या लाकडी घराच्या भिंतीत त्या सापडल्या. घरातल्या बाईंना बाग करायची होती, त्या थंडीत भाजीपाला काढायचा तर काचेचं छप्पर हवं. त्यांनी जिथे काम करत होत्या त्या मालकाला विचारलं, या काचांवरचा काळा थर कसा घालवायचा? मालक शहाणा निघाला. म्हणाला, तुला मी कोऱ्या काचा देतो, या मला दे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा भारी वाटली होती. गेल्या आठवड्यात तो सोड्याच्या पाण्याचा डायलॉग ऐकला तेव्हा पोटात गोळा आला. त्या बाई वाईट नव्हत्या, आपला फ्रेमवालाही वाईट नाही. काच ही काच असते. फरक एवढाच, की तिकडे वेळेवर एक माणूस हजर होता ज्याने बदल्यात कोरी काच देऊ केली.

हेगच्या अशा जपल्या गेलेल्या प्लेटांवर १९५७ मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने 'सिटी ऑफ गोल्ड' नावाचा वीसेक मिनिटांचा माहितीपट केला. कॉलिन लो आणि वुल्फ कोनिग यांचा. निवेदन पियरे बर्टनचं, ज्याचे वडील १८९८ ला त्याच गर्दीत आले होते आणि जो स्वतः डॉसनमध्ये वाढला. जुने फोटो हलत नाहीत, मग सिनेमा कसा करायचा? त्यांनी कॅमेरा हलवला. फोटोवरून हळूहळू सरकत जायचं, गर्दीतून एका चेहऱ्याजवळ जायचं, थांबायचं. पुढे अमेरिकेतल्या केन बर्न्सने हीच पद्धत आपल्या माहितीपटांत वापरली आणि कुठून घेतली हे मोकळेपणाने सांगितलं. मग अॅपलने आपल्या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती घातली, त्याच्या नावाने. आणि आज तुमच्या भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत लहानपणीचा फोटो हळूहळू मोठा होत जातो, मागे सनई वाजते, बघा, तो धागा थेट त्या काचांपर्यंत जातो. स्टुडिओवाल्या पोराने हे शंभर लग्नांत केलं असेल. कुठून आलं ते त्याला ठाऊक नव्हतं. मलाही बरीच वर्षं नव्हतं.

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, काका नुसते गोऱ्यांच्या कौतुकात रमले.

चिलकूटची वाट गोऱ्यांनी शोधलेली नव्हती. ती त्लिंगित लोकांची व्यापाराची वाट होती, पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि तिच्यावर त्यांचा ताबा होता. गर्दी आली तेव्हा त्यांनी ओझी वाहिली, दर ठरवले, परवडेल तसे वाढवले. बायका आणि मुलंसुद्धा वाहत. त्यांचे फोटो आहेत, उत्तम आहेत. पण खाली लिहिलेलं काय असतं? 'इंडियन हमाल'. संपलं. घोड्याचं नाव कधी सापडेल, पण यांचं नाही.

सोनं ज्यांना सापडलं त्यांच्यात किश होता, ज्याला गोरे 'स्कूकम जिम' म्हणायचे. त्याचा भाचा का-गूश, म्हणजे 'डॉसन चार्ली'. किशची बहीण शाव त्ला, जिला केट कार्मॅक म्हणून ओळखतात. आणि तिचा गोरा नवरा जॉर्ज कार्मॅक. शोधाचा दावा नोंदला गेला कार्मॅकच्या नावावर, कारण आदिवासीच्या नावावर असा दावा कोण मान्य करणार, असं तो म्हणाला. पैसा आल्यावर त्याने केटला सोडली आणि दुसरं लग्न केलं. ती परत आपल्या माणसांत गेली आणि १९२० मध्ये इन्फ्लुएंझाने वारली.

आणि खुद्द 'क्लोंडाइक' हा शब्दच त्रोंडेक या नावाचा गोऱ्यांच्या जिभेवर झालेला विपर्यास आहे. सामन मासे धरायला नदीत दगडाने खुंट ठोकायचे, त्यावरून पडलेलं नाव. जिथे डॉसन वसलं त्याच्या समोरच त्रोंडेक ह्वेचिन लोकांची मासेमारीची जागा होती. गर्दीने ती गिळली. त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक आपल्या लोकांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला जाऊन राहिले. गाणी आणि नाच या गोंधळात बुडतील म्हणून त्यांनी ते अलास्कातल्या नातेवाइकांकडे सांभाळायला दिले. दागिने द्यावेत तसे! काही दशकांनी ती गाणी परत आणली गेली. २०२३ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हटलं, तेव्हा नाव नोंदलं ते 'त्रोंडेक-क्लोंडाइक'. मूळ नाव आधी.

म्हणजे बघा, फोटो जपला पण नाव लिहिलं नाही, तर जपण्याचं अर्धंच काम झालं. आज तिकडे जुन्या फोटोंतल्या 'अज्ञात' माणसांना नावं देण्यासाठी समाजातल्या म्हाताऱ्यांना बसवून विचारतात. सव्वाशे वर्षांनी. आपल्याकडेही त्याच काळातले फोटो आहेत. क्लोंडाइकला सोनं सापडलं त्याच्या पुढच्याच महिन्यात मुंबईत प्लेग आला, आणि प्लेग कमिटीच्या कामाचे फोटो काढले गेले. खाटेवरचे रोगी, झडतीला गेलेली पथकं, रांगेत उभी केलेली माणसं. फोटो लंडनच्या संग्रहात आहेत, इंटरनेटवर कुणालाही दिसतात. साहेबांची ओळख कधीमधी लागते. खाटेवरचा माणूस कोण, कुठल्या गावचा, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

आमच्या त्या तीन पेट्यांतली माणसं अजून त्या टप्प्याला पोचलेली नाहीत, हा माझा सगळा मुद्दा आहे. पेट्यांवर पेन्सिलने साल लिहिलंय, १९४८ पासून १९६१ पर्यंत. म्हणजे त्यात जे बाळ मांडीवर आहे ते आज सत्तरीतलं कुणीतरी असेल, कदाचित ही पोस्ट वाचत असेल. तालमीतली पोरं आहेत, गदा घेऊन. मुलगी दाखवायला काढलेले फोटो आहेत, ते तर लगेच ओळखू येतात, हात कुठे ठेवावा ते न कळलेले. एक बँडपथक आहे, पूर्ण पोशाखात. एका माणसाने नुसता सायकलसोबत फोटो काढलाय, सायकल पुढे आणि तो मागे. हेगच्या फोटोत माणसं आपल्या सामानासोबत अशीच उभी राहतात.

दोन-चार कामाच्या गोष्टी सांगतो, कारण अशा पेट्या आणखी माळ्यांवर असणार. काच पुसू नका. ओल्या फडक्याने तर मुळीच नाही, चित्र ज्या बाजूला आहे तो थर पाण्याने फुगतो आणि सुटतो. कडेला धरा. प्रत्येक प्लेट साध्या कागदात गुंडाळून पेटीत उभी ठेवा, एकावर एक रचू नका, खालच्या तडकतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आपल्या हवेत बुरशी येते. आणि भंगारात देऊ नका. एक्स-रेच्या फिल्ममधली चांदी काढणारे लोक जुन्या निगेटिव्हही घेतात, किलोवर.

फ्रेमवाल्याशी माझा सौदा झालाय. जेवढ्या काचा तेवढ्या नव्या काचा, त्याच मापाच्या. पहिली पेटी माझ्या खर्चाने सोडवली. उरलेल्या दोन पेट्या पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबवायला मुलगा तयार झालाय. ज्यांना वाटा उचलायचा असेल त्यांनी मेसेज करा, इथे आकडे लिहू नका.

येत्या रविवारी सकाळी दहाला माझ्या घरी बसतोय. एका डॉक्टर मित्राने एक्स-रे बघायची जुनी दिव्याची पेटी दिली आहे. तिच्यावर काच ठेवायची आणि मोबाईलमधलं रंग उलटे करायचं सेटिंग चालू करून कॅमेरा धरायचा, चेहरा लगेच सरळ दिसतो, करून बघितलंय. मला गावभागातली, खणभागातली, हरिपूरची जुनी माणसं हवीत. घरात ऐंशी पार केलेली आजी असतील तर त्यांना घेऊन या, पण आधी फोन करा. जिना अरुंद आहे, तर मग खाली अंगणातच खुर्च्या टाकतो. चष्मा विसरू नका.